एनॉकमामांची दोरी

या, अजून थोडे जवळ सरका. देवाच्या एका साध्या सेवकाची गोष्ट सांगते. मी तिथंच चहाच्या किटलीपाशी होते, म्हणून पाहिलेलंच सांगते.

आमच्या उत्तर ध्रुवाकडच्या गावात वसंतात, किनाऱ्याला धरून गोठलेल्या समुद्रावर, देवमाशाच्या शिकाऱ्यांचा तळ पडतो. एनॉकमामांनी चाळीस वर्षं तिथं एकच काम केलं. बर्फाच्या कडेला बसायचं, वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि ती कुठं कलते त्यावरून पाण्याची ओढ ओळखायची. देवमाशावर भाला त्यांनी कधी टाकला नाही.

त्या दुपारी त्यांच्या भाच्याला, कायुताकला, पहिला देवमासा मिळाला. अख्खं गाव ओढायला लागलं. धूड अर्धं वर आलं. त्या आनंदात समुद्राकडे बघणारं कुणी उरलं नाही. मामा तेवढे आमच्याकडे पाठ करून बसलेले.

"मामा, एखादी मासोळी लागली तर हाक मारा हं," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

मामा उठले. दोरी किनाऱ्याकडे कलली होती. म्हणजे बाहेरचा वाहता बर्फ आमच्यावर चालून येत होता. त्यांनी सगळ्यांना निघायला सांगितलं. कायुताक गयावया करू लागला, तासभर तरी द्या म्हणाला. आपण होऊन हाती आलेला जीव टाकून जाणं आमच्यात पाप.

"ते पाप माझ्या नावावर घाल, पोरा," मामा म्हणाले, आणि त्यांनी ओढायचा दोर सुरीनं कापला.

आम्ही किनाऱ्यावर पोचून वळून पाहिलं. वारा नव्हता. आधी पायांखाली गुणगुण आली, भजनाआधी पेटीचा सूर धरावा तशी. मग पुरुषभर जाडीचा तो बर्फ चक्क वाकला, क्षणभर तसाच राहिला आणि फुटला. घराएवढे निळे तुकडे एकमेकांच्या अंगावर चढत गेले, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे. माझी किटली होती तिथं डोंगर उभा राहिला. देवमासा त्याच्या पोटात गेला. माणसांनी टोप्या काढल्या. पाण्यातून जमीन वर काढताना देवाचा हात असाच चालला असेल, असं माझ्या मनात आलं.

मामा तेवढे माणसं मोजत होते. दोनदा मोजली.

कायुताक तीन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. मग एका रविवारी तो चर्चमध्ये उशिरा आला, रिकामी बाकं सोडून मामांशेजारी बसला. मामांना वाचता येत नसे. त्यानं गीतांचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं आणि शब्दांखालून बोट फिरवत राहिला. मामा बेसूर गायले, पण अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत.

तुमची माणसं संध्याकाळी सगळी घरी पोचली, की मामांची एकदा आठवण काढा.