मागच्या चौकोनातला शाहीर

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा शाहीर आहे. तुमच्या अंगठ्याएवढा. हातात धनुष्य, पण त्याचं वरचं टोक तुटलेलं. कसं तुटलं, ते सांगतोच.

साच्यातून निघालो तेव्हा मी नुसता करडा होतो. मला रंगवलं घरातल्या धाकटीनं. भुवया काढताना तिनं श्वास रोखून धरला होता. दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर चौकोनांचा मोठा कागद अंथरला जाई. तिचा आतेभाऊ गोष्ट सांगे, राक्षसही तोच चालवी. बाकीचे एकेक पात्र होत, त्याची माझ्यासारखी बाहुली कागदावर ठेवत आणि फासे टाकत. तिच्या दादाचा योद्धा सगळ्यांत पुढे, धाकटीचा मी सगळ्यांत मागे. लांबून बाण मारायचे आणि गाणं म्हणून पुढच्यांना बळ द्यायचं, हे माझं काम. धाकटी खरंच गायची हो, स्वतः रचून! तिनं गायलं की दादाच्या फाशाला दोन आकडे वाढवून मिळत. राक्षस पडला की सगळे ओरडत, "मानलं बुवा दादाला!" ते दोन आकडे कुणाचे, हे विचारायला कुणाचं अडलंय?

त्या टेबलाचा एक नियम होता. पात्र मेलं की त्याची बाहुली बिस्किटांच्या डब्यात. परत बाहेर काढायची नाही.

एकदा भुयारात दादाचा योद्धा कोसळला. राक्षसही शेवटच्या घटका मोजत होता, एका बाणात आटोपला असता.

"बाण की गाणं? एकच मिळेल," आतेभाऊ म्हणाला.

"गा ना, मी मरतोय इथं!" दादा ओरडला.

पडलेल्याला उठवायचं तर गाणं त्याच्या शेजारी जाऊन म्हणावं लागे. धाकटीनं मला मागच्या चौकोनातून उचलून थेट राक्षसासमोर ठेवलं आणि गायली. योद्धा उठला. आता हा वार करणार, असं मला वाटलं. मीही वेडाच!

"मी बाहेर पळतो आणि भुयाराचं दार लावून घेतो," दादा म्हणाला.

"अरे, मी आत आहे!"

"हो का? मला वाटलं, तू नेहमीसारखी मागंच असशील."

त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बोललेली चाल परत घेता येत नव्हती. राक्षसानं मला मारलं. "खेळच तर आहे, रडतेस काय?" म्हणत दादानं मला डब्यात फेकलं, तेव्हा धनुष्य तुटलं. त्यानंतर धाकटी त्या टेबलावर बसली नाही. कुणी बोलवायलाही गेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी झाकण उघडलं. दोघं आता मोठी झाली होती.

"ये ना शनिवारी," दादा म्हणाला. "मागं उभं राहून गाणारं कुणीतरी हवंय. तुझा शाहीर आहे की अजून."

चुकलो म्हणाला असता तर? पण तसं काही तो म्हणाला नाही. धाकटीनं माझ्या तुटक्या टोकावरून बोट फिरवलं.

"मेलेलं बाहेर काढायचं नाही ना, दादा?" असं म्हणून तिनंच मला आत ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

तिच्यावर माझा राग नाही. मित्रांनो, तुम्ही मात्र दार लावण्याआधी सगळे बाहेर आले का, एवढं तरी बघत जा. माझं काय, मी आहे डब्यात.