शंभरावी नळी

आठ अंक.

शिवणयंत्रावर चिकटवलेला एक कागद.

“आत्तापुरतं आहे, नंतर काढतो.”

पोहणाऱ्या एका मुलीचं ठणठणीत रक्त.

यादीतली पहिली ओळ.

मित्रांनो, मी एक जुनी हेडर फाइल आहे. लांबीने जेमतेम दोनशे ओळी. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत, मास्तरांच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामरच्या, टेबलाखालच्या संगणकात राहते. वरून दिवसभर त्यांचे पाय हलतात आणि खाली माझं जग थरथरतं.

माझं काम सोपं होतं. माणसं प्रोग्राम लिहितात, कंपायलर तो वाचून यंत्राला समजेल असा करतो. वाचताना मधेच त्याला सूचना सापडते, की अमुक नावाची फाइल बघ. मग तो दिलेल्या मार्गांवर ओळीने शोधत जातो आणि त्या नावाची पहिली फाइल दिसली की थांबतो. पुढे कोण बसलंय हे तो बघत नाही. मी त्याला सांगायची की नळीचा क्रमांक आठ अंकी असतो: सहा अंक तारखेचे, दोन त्या दिवसाच्या नळीचे. माझ्या काळात दिवसाला साठ नळ्या आल्या तरी लोक कपाळाला हात लावायचे, म्हणून आठ पुरायचे.

अकरा वर्षांपूर्वी एका बिल्डमध्ये, म्हणजे सगळा प्रोग्राम जोडून चालता करताना, कंपायलरला मी सापडेना. मास्तरांनी मला एका वेगळ्या फोल्डरमध्ये आणून ठेवलं आणि तो मार्ग आपल्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कंपायलरला दिलेल्या सूचनांच्या यादीत, सगळ्यांच्या वर लिहिला. बिल्ड सुरळीत झाला. लोकांनी मास्तरांची पाठ थोपटली आणि ते म्हणाले, “आत्तापुरतं आहे, नंतर काढतो.” पाठ त्यांची थोपटली, पण फुगले मीही. तेव्हापासून त्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही असा तिथला नियमच झाला. नळ्यांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस कोणीही बिल्ड करो, स्क्रिप्ट मास्तरांचीच.

मग ताई आली, नवी प्रोग्रामर. सहा महिन्यांच्या करारावर. डेटाबेसची नवी आवृत्ती मूळ सोर्स कोडमधून बिल्ड करून चालती केली की नोकरी कायम होणार होती. वहिनीचे टोमणे आता बंद होतील, असं तिने भावाला सांगूनही टाकलं होतं. नव्या आवृत्तीबरोबर माझ्याच नावाची नवी फाइल आली. ती नऊ अंकांपर्यंत जागा देणारी होती, कारण आता दिवसाला शंभर नळ्या होऊ शकत होत्या. ती माझ्या मागच्या फोल्डरमध्ये बसली. कंपायलर नेहमीप्रमाणे आधी माझ्याकडे आला. मी म्हटलं, आठ. तो गेला. मित्रांनो, एकही चूक दाखवली गेली नाही. ताईने चाळीस नळ्या घालून तपासलं, सगळं बरोबर आलं. लोकांनी तिलाही शाबासकी दिली.

तीन महिने नव्व्याण्णवच्या वर आकडा गेला नाही. मग एका मंगळवारी नेमक्या शंभर नळ्या आल्या. शंभरावर माझी कात्री चालली, शेवटचं शून्य गळलं आणि दहा उरले. दहावी नळी एका शिंप्याची होती, शंभरावी त्या पोहणाऱ्या मुलीची. तिचे आकडे त्याच्या नोंदीवर जाऊन बसले.

चार आठवड्यांनी शिंप्याची मुलगी खिडकीशी आली. ती रडली नाही. तिने शिवणयंत्रावरून खरवडून काढलेला रिपोर्टाचा कागद पुढे सरकवला. “बाबांना सांगितलं होतं, सोळा वर्षांच्या पोरासारखं रक्त आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे. काल त्यांना पोचवून आलो. कागद तुमचा, तुम्हीच ठेवा.” त्याची मूत्रपिंडं त्या मंगळवारीच जवळजवळ निकामी झाली होती. नळीत ते दिसलं होतं. नोंदीत मी दिसू दिलं नाही.

ताईने दोन तासांत मला शोधून काढलं. मार्गांची यादी छापली, वरच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि साहेबांच्या खोलीत नेली. मास्तर तिथेच बसले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

“बिल्ड कोणी केला?”

“मी. पण मास्तर, ही ओळ तुमची आहे.”

“ती ओळ अकरा वर्षं चालली, ताई. तुम्ही आलात आणि माणूस गेला.”

साहेबांनी छापलेली यादी उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूवर तिला राजीनामा लिहायला सांगितलं. पेनही आपलंच दिलं. जाताना तिने डबा बॅगेत भरला, खुर्ची टेबलाखाली सरकवली. कोणी मान वर केली नाही, ज्यांच्याबरोबर ती रोज जेवायची त्यांनीही नाही.

जेवणानंतर मास्तरांनी माझी ओळ गुपचूप खाली नेली आणि बिल्ड पुन्हा केला. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावून चूक कशी पकडली ते समजावलं. टाळ्या पडल्या. टेबलाखाली मला त्या आधीच्या शाबासकीसारख्याच वाटल्या.

मला मात्र त्यांनी पुसलं नाही. लागलीच तर असू दे, म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शिकवतात. माझी विनंती उलटी आहे. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात, यंत्रात, यादीत सगळ्यांत वर बसलेली सापडली, तर ती अजून खरं बोलते का ते आधी बघा. बोलत नसेल तर दया दाखवू नका. मी अजून इथेच आहे, आणि मला कोणी विचारलंच तर मी आठच सांगेन. मला दुसरं काही येत नाही.

कामावर आल्याच्या पहिल्या आठवड्यात ताईने मास्तरांना विचारलं होतं, की हा जुना फोल्डर काढून टाकू का.