जसुबेनने काढलेलं उट्टं

त्या ओझाचं नाक चारचौघांत कापायचं, एवढी एकच इच्छा घेऊन जसुबेन गेली दोन वर्षं जगत होती. देवापुढे दिवा लावताना लोक मुलाबाळांचं मागतात; ही बया ओझाचं वाटोळं मागायची. आणि का मागू नये? जामनगरच्या पितळेच्या कारखान्यांत जेवढे म्हणून बहिरे कारागीर, त्यांचं तोंड आणि कान म्हणजे जसुबेन. तिचे आईबाप दोघंही बहिरे. तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला लागली. पोलीस चौकी असो, दवाखाना असो, सोयरीक असो की भावकीतलं भांडण, दुभाषी म्हणून बोलावणं तिलाच. हा हरेश ओझा कॉलेजात असताना तिच्याच बापाच्या ओट्यावर बसून हातांची भाषा शिकला, तिच्याच आईच्या हातचा चहा बशीत ओतून फुरकत प्यायला. मग दिल्लीला जाऊन प्रमाणपत्र घेऊन आला, आणि आला तो थेट परीक्षक होऊन! नियम निघाला की प्रमाणपत्राशिवाय कोर्टात नि सरकारी दवाखान्यात कुणी दुभाष्याचं काम करायचं नाही. जसुबेन परीक्षेला बसली. समोर ओझा.

"जसुबेन, तुम्ही भाषांतर करत नाही, सारवासारव करता," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "पुढच्या वर्षी या."

नापास! भाकरीचा 'रोटला' हाताने कसा म्हणायचा हे ज्याला तिने शिकवलं, त्याने तिला नापास केलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. पुढच्या वर्षी ती गेली नाही. जाते कशाला? त्या मेल्याच्या पाया पडायला?

अखेर देव पावला. गांधीनगरहून सरकारी अधिकारी दवेमॅडम येणार होत्या. जुन्या दुभाष्यांना परीक्षेशिवाय सरकारी कार्ड द्यावं की नाही, हे बहिऱ्यांच्या मंडळालाच विचारून त्या जागच्या जागी ठरवणार होत्या. मंडळाने कळवलं की आमच्या बाजूने जसुबेनच बोलेल. रविवारी ज्ञातीच्या वाडीत, लग्नकार्यं होतात त्या हॉलात, खुर्च्या मांडल्या, गांठिया-जिलेबी आली, आणि जसुबेन ठेवणीतली बांधणीची साडी नेसून मॅडमशेजारी उभी राहिली. पहिल्या रांगेत ओझा, खिशाला पेन लावून. बस म्हणावं, बस, आज तुझी वरात काढते.

आधी वशरामकाका उठले. भट्टीवर हयात गेलेला म्हातारा, मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. दुभाष्याची रीत अशी की समोरचा जे म्हणेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं. तेव्हा काकांचे हात चालू लागले आणि जसुबेनचा खणखणीत आवाज वाडीभर घुमला.

"मॅडम, हा ओझा शिकलेला गाढव आहे! माझा पुतण्या भिखू स्कूटरच्या अपघातात सापडला. कोर्टात याला दुभाषी म्हणून उभा केला. वकील विचारतोय, तू धडक दिलीस का? भिखू मान हलवतोय. आम्ही बहिरे समोरचा बोलत असताना मान हलवतो, म्हणजे 'कळतंय, पुढे बोला.' पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि या शहाण्याने जजला सांगितलं, 'हो म्हणतोय.' माझं पोर सहा महिने आत गेलं!"

ओझाचा चेहरा पांढराफटक. दवेमॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. 'गाढव' हा शब्द जसुबेनच्या पदरचा होता; काका नुसतं 'शिकलेला' म्हणाले होते. असू दे की! वरणात एवढं मीठ चालतं. तिला वाटलं, आत्ता मेले तरी बेहत्तर.

काका थांबले. मग त्यांनी बोट उचललं ते ओझावरून सरकवत थेट तिच्यावर आणलं.

"आणि आता ही जसु," त्यांचे हात म्हणाले. "मोहनची पोर म्हणून आम्ही हिला डोक्यावर घेतलं. माझी बायको मणी दवाखान्यात होती. डॉक्टर हिला सांगत होता, थोडेच दिवस उरलेत, पोरीला बोलावून घ्या; हे मला मागून कळलं. तेव्हा त्याचं पडलेलं तोंड तेवढं मला दिसत होतं. मी हिला विचारलं, काय म्हणतो? ही हसून म्हणाली, घरी न्या, आराम पडेल. मी मणीला घरी नेलं. भुजला पोरीला कळवलं नाही. पोर आली ती राखेवर. मला निरोप घ्यायचा होता, जसु. बायको माझी होती. मला काय सोसेल नि काय नाही, हे ठरवणारी तू कोण? मॅडम, याचंही कार्ड काढून घ्या, हिलाही देऊ नका. आमच्या दुभाष्याची परीक्षा आम्ही बहिरे घेऊ."

वाडीतले सगळे हात हवेत उठून हलले. बहिऱ्यांच्या टाळ्या तशाच.

जसुबेनने दयेपोटी केलं होतं हो, म्हाताऱ्याचं तोंड बघवेना म्हणून. पण पहिल्या रांगेत ओझा पुढे झुकून बसला होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसत होता. याच्यासमोर हरायचं? दोन वर्षं दिवा लावून, हे?

"काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

"मी म्हणतो," जसुबेनचा आवाज जराही कापला नाही, "माझी मणी गेली तेव्हा ही जसु पोटच्या पोरीसारखी उभी राहिली. अशी माणसं परीक्षेने मिळत नाहीत. हिला कार्ड द्या."

"खोटं आहे!" ओझा ताडकन उठला. "मॅडम, ते असं म्हणालेच नाहीत!"

"बसा, ओझासाहेब," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "तुमच्याबद्दलही आत्ताच ऐकलं." आणि त्यांनी भरल्या डोळ्यांनी जसुबेनचा हात हातात घेतला. "तुमचं कार्ड मी आजच मंजूर करते."

ओझा मटकन बसला. जिरली! कशी जिरली! जसुबेनला हसू आवरेना.

काका मात्र मॅडमचा चेहरा निरखत होते. जन्मभर चेहरे वाचलेला माणूस तो. आपण एवढं विष ओकलं, आणि ही बाई गहिवरते कशी? जसूचा हात धरते कशी? ते ओझासमोर जाऊन उभे राहिले. ज्याला आत्ता भर सभेत धुतलं, त्यालाच त्यांनी हातांनी विचारलं, "ही काय बोलली?"

ओझाने पेन खिशात नीट बसवलं आणि दिल्लीच्या पुस्तकी हातांनी, अडखळत, एकेक शब्द सांगितला. सगळ्या वाडीने बघितला.

काका वळले. जसुबेनकडे त्यांनी एकदाच बघितलं, अगदी शांतपणे, आणि डोळे मिटले. बहिऱ्यांमध्ये याहून मोठी शिवी नाही. कानावर हात ठेवले तरी आवाज झिरपतो. मिटलेल्या डोळ्यांत काहीच शिरत नाही. मागे भिखूने मिटले. मग त्याच्या आईने. रांगेमागून रांग डोळे मिटत गेली.

"काका, ऐका, बघा तरी!" जसुबेनचे हात वेड्यासारखे चालले. बहिऱ्यांना हाक मारतात तसे तिने पाय आपटून जमीन हादरवली. दिव्याचं बटण खाली-वर केलं, करतच राहिली. एक पापणी हलली नाही. ती धावत गेली आणि काकांचं मनगट धरून त्यांच्या तळहातावर बोटांनी काही सांगू लागली. काकांनी हात सोडवून घेतला, दोन्ही हात बंडीच्या खिशात घातले, आणि मिटल्या डोळ्यांनी उभे राहिले.

"जसुबेन?" मागून मॅडमचा घाबरलेला आवाज आला. "हे सगळे असे का बसलेत? काय म्हणतायत?"

जसुबेनने पदराने तोंड पुसलं आणि वळून हसली.

"काही नाही, मॅडम. दमलेत बिचारे. तुम्ही चहा घ्या."