अप्पांनी दिलेली गादी

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी पलंग सोडून हॉलमध्ये सतरंजीवर झोपायला लागले आणि घरात एकदम शांतता पसरली. भांडण झालेल्या घरात असते तशी. भांडण मात्र झालेलं नव्हतं.

कारण साधं होतं. माझ्या नवऱ्याचं, गुरुशांतचं, वजन माझ्या जवळजवळ दुप्पट आहे. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि विहिरीतल्या मोटारी उचलून उचलून त्याचे खांदे असे झालेत की दारातून येताना तो किंचित तिरका होतो. तो आडवा झाला की गादी त्याच्या बाजूला खोल जायची आणि मधे उतार तयार व्हायचा. उताराच्या वरच्या टोकाला मी. झोप लागली की अंग सैल पडतं, आणि अंग सैल पडलं की मी घरंगळत त्याच्याकडे जायची. त्याला वाटायचं, बायको प्रेमानं जवळ आली. तो झोपेतच माझ्यावर हात टाकायचा. त्या हाताच्या वजनानं मला जाग यायची. मग मी चढ चढून परत माझ्या कडेला यायची आणि गादीची कड धरून पडून राहायची. सकाळी कॉलेजात अकरावीला घर्षण शिकवताना मी फळ्याला टेकून उभी असायची.

गादी बदलायची, इतकं सोपं उत्तर होतं. पण ती अप्पांनी दिली होती.

आमच्याकडे पलंग, गादी, कपाट मुलीकडचे देतात. माझे वडील मैंदर्गीचे शेतकरी. त्यांनी गादीसाठी अक्कलकोटची सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक गादीत ते मूठ दाबून बघत. मूठ जितकी खोल तितकी गादी भारी, हा त्यांचा नियम. शेवटी जिच्यात हात मनगटापर्यंत गेला ती त्यांनी घेतली. लग्नात ती मांडवात ठेवली होती, आणि पाहुणे एकेक करून तिच्यात मूठ दाबून गेले होते. अप्पा शेजारी उभे राहून प्रत्येकाच्या मनगटाकडे बघत होते.

आता मी तक्रार केली असती तर लेकीनं बापाच्या वस्तूला नावं ठेवली, असं झालं असतं. गुरुशांतनं केली असती तर जावयानं खोट काढली, असं झालं असतं. म्हणून आम्ही दोघांनी गप्प राहायचं ठरवलं. सासूबाईंना मी अत्ती म्हणते. त्यांना मी सांगितलं, "हॉलमध्ये वारं चांगलं येतं." कूलर आमच्या खोलीत आहे, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी लेकाला स्वयंपाकघरात गाठलं. मी बाहेर वह्या तपासत होते.

"काय बोललास तिला?"

"काय न्हाय गं आई."

"मग ती बाहेर का झोपती? तुझा बाप मला बोलला तर मी दोन दिस भाकरी थापत नव्हते. पण जागा न्हवते सोडत."

त्याच दुपारी त्यांनी मैंदर्गीला फोन लावला.

रविवारी अप्पा पहिल्या एसटीनं आले. हातात तुरीच्या डाळीची पिशवी, अंगावर ठेवणीतला सदरा. एरवी ते आल्या आल्या पाय सोडून बसतात. त्या दिवशी सोफ्याच्या कडेवर ताठ बसले.

"लीला, तरास काय हाय तुला?"

"काही नाही, अप्पा."

"जावईबापू?"

"काय न्हाय, मामा."

"बघा," अत्ती म्हणाल्या. "दोघांना बी काय न्हाय. मला येड लागलं म्हणून मी तुमाला एसटीनं बोलवलं."

अप्पांनी घसा साफ केला. "जावईबापू, रागावू नका. पिणं-बिणं?"

गुरुशांतला ठसका लागला. "मामा, मी चहा बी अर्धाच घेतो."

"मग असं करा, पाव्हणं," अत्ती म्हणाल्या. "चार दिवस तिला गावाकडं घेऊन जा. डोकं थंड होईल. मग बघू."

हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. पण अप्पांचा चेहरा उतरला, आणि का ते मला कळलं. नव्या लग्नाची मुलगी सण नाही, सुट्टी नाही अशी बापाबरोबर एसटीतून उतरली, की मैंदर्गीच्या स्टँडवर त्याचा एकच अर्थ लावतात. अप्पा एवढंच म्हणाले, "बरं. संध्याकाळच्या गाडीनं नेतो."

जेवणं झाल्यावर अत्तींनी त्यांना आमच्या खोलीत पाठवलं. "कूलरखाली पडा जरा."

मला बरं वाटलं. आता त्यांना आपोआप कळेल, मला बोलावं लागणार नाही. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो. थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू आलं. संथ, एकसारखं, समाधानी.

"काय झोप लागलीय बघ," अत्ती म्हणाल्या. "गादीच तशी हाय. हिला मेलीला काय टोचतंय कुणास ठाऊक."

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. उघड्या दारातून दिसत होतं, अप्पा एकटे झोपले होते, बरोबर मधोमध. एकट्या माणसाला ती गादी चारी बाजूंनी सारखंच सामावून घेते. तिचा दोष दुसरं माणूस आल्याशिवाय दिसतच नाही. आता अप्पा उठून म्हणणार, गादी उत्तम आहे. मग उरणार मी, आणि संध्याकाळची गाडी.

"आत जा," मी गुरुशांतला हळूच म्हटलं. "त्यांच्या शेजारी झोपा."

"मामांच्या शेजारी?"

"हो. माझ्या जागी ते आहेत असं समजा."

"ते कसं समजणार?"

"जा तर."

तो गेला. मी दारात उभी राहिले, माझ्यामागे अत्ती. गुरुशांत पलंगाच्या कडेला बसला तेव्हा अप्पांच्या घोरण्याचा सूर बदलला. तो आडवा झाला. माझे वडील अंगानं काटकुळे. ते आधी थोडे कलले, मग सावकाश कुशीवर वळले, आणि मग त्यांचं डोकं जावयाच्या खांद्यावर येऊन थांबलं. गुरुशांतचा हात उचलला गेला आणि त्यांच्यावर पडला.

अत्तींनी तोंडावर पदर धरला.

अप्पांनी डोळे उघडले. जावयाचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

"जावईबापू, काय झालं?"

"काय न्हाय, मामा."

"मग हात?"

"सवय हाय."

अप्पा सरकून मागं गेले. दम घेतला, आणि परत जावयाकडं आले. पुन्हा मागं गेले.

"अप्पा, तिकडची कड धरा," मी म्हणाले. "मी तशीच धरते."

त्यांनी कड धरली. तसेच पडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"म्हणून बाहेर झोपतीस?"

"हो."

"दुसरं काय न्हाय?"

"दुसरं काही नाही."

अत्तींना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या. पण अप्पा हसले नाहीत. ते उठून पलंगाजवळ उभे राहिले आणि त्यांनी गादीत मूठ दाबली. मनगटापर्यंत गेली.

"मूठ तर चांगली आत जात हुती की," ते म्हणाले.

"पाव्हणं, मूठ झोपत नसतीय," अत्ती खालूनच म्हणाल्या.

मला वाटलं, आता ते दुखावणार. त्यांनी टोपी घातली. "चला. दुकान कुटं हाय?"

सात रस्ता चौकाजवळ गाद्यांचं एक मोठं दुकान आहे. समोर सगळी काच, आणि काचेमागं प्लॅस्टिक घातलेल्या गाद्यांचे पलंग. गिऱ्हाइकं त्यांच्याभोवती उभी राहून हातानं दाबत होती. अप्पांनी आम्हा दोघांना पहिल्याच पलंगापाशी आणलं.

"झोपा."

"इथं?" गुरुशांत म्हणाला.

"अहो, लोक बघत्यात की," अत्ती म्हणाल्या.

"लग्नात हजार माणसांनी बघितलंय दोघांना. झोपा."

आम्ही झोपलो. अत्ती काचेपाशी जाऊन पदर पसरून उभ्या राहिल्या. तोंड मात्र आमच्याकडंच होतं.

पहिली गादी फळीसारखी कडक होती. गुरुशांतला आवडली. माझा खांदा आणि कंबरेचं हाड टेकत होतं, आणि मधल्या पोकळीत कंबरेखालून माझा हात आरपार जात होता. दुसरी स्प्रिंगची. तो कुशीवर वळला आणि मी उडाले. मग मी दुकानदाराला विचारलं, पहिलीच ठेवून वर काही घालता येईल का. त्यानं दोन बोटं जाडीचा लॅटेक्सचा टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा मऊ रबरी थर, आणून अंथरला. खाली गादी तीच, बदल एवढाच.

मी पुन्हा आडवी झाले. खांदा हवा तेवढाच आत गेला. कंबरेखाली हात घालून पाहिला, तो अडला. मी डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.

"वळा," मी म्हणाले.

गुरुशांत वळला. मी होते तिथंच होते.

"आता माझ्याकडे."

तो माझ्याकडे वळला. टॉपरखाली गादी किंचित दबल्याचं जाणवलं, पण उतार नव्हता. अप्पा पलंगाच्या पायथ्याशी उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून गादीच्या पातळीत बघायला लागले, वाफ्यात पाणी सारखं पसरतंय का ते बघतात तसे.

"सपाट हाय," ते म्हणाले.

दुकानदारानं वही काढली. "जुनी गादी देणार असाल तर एक्सचेंज होईल."

अप्पांचा चेहरा पुन्हा पडला.

"अप्पा, ती तुम्हीच घेऊन जा," मी म्हणाले. "तुम्हाला छान झोप लागली होती."

"लेकीला दिलेलं परत नेत न्हाईत, यव्वा. गावात काय सांगू?"

"कुटं न्यायची बी न्हाय आणि द्यायची बी न्हाय," अत्ती काचेपासून म्हणाल्या. "माझ्या खोलीत टाका. मी एकटीच हाय, कुणाच्या अंगावर जाणार?"

"तुमाला चालंल?" अप्पांनी विचारलं.

"चालंल म्हणजे? लग्नापासनं माझा डोळा हाय तिच्यावर."

अप्पा पहिल्यांदा हसले. दुकानाच्या बाहेर आल्यावर त्यांनी एसटी स्टँडची रिक्षा थांबवली.

"थांबा की, पाव्हणं," अत्ती म्हणाल्या. "हिला चार दिवस न्यायचं ठरलं हुतं ना?"

"कुणाला? लीलाला?" अप्पा रिक्षात बसत म्हणाले. "तिची तीन महिन्यांची झोप राहिलीय. तिला झोपू द्या."