चाळीस मिनिटं, आठच्या वर

दार त्याच्या पाठीमागे बंद झालं तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि पहिलं मिनिटभर त्याला चक्क हसू आलं. चौदा वर्षं थंड मालाची गाडी चालवणारा माणूस आपल्याच पेटीत कोंडला गेला, हे डेपोत कळलं असतं तर वर्षभर चहाबरोबर चघळायला विषय झाला असता.

डेपोत त्याला सगळे थंडोबा म्हणत. दूध, दही, लोणी आणि कापलेली कोंबडी तो शहरातल्या अकरा दुकानांना रोज पोचवायचा म्हणून नव्हे, तर कुणी कितीही बोललं तरी याचा आवाज चढत नसे म्हणून. सातव्या दुकानात माल उतरवून झाला होता. सही-शिक्का घेतला, दुकानदाराने मागचं शटर ओढलं आणि तो जेवायला गेला. गाडी मागच्या बोळात उभी होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि दुकानाच्या कॉम्प्रेसरची अखंड घरघर. निघण्याआधी थंडोबाला दिसलं की दुधाची एक पिशवी फुटून खालच्या क्रेटवर गळते आहे. दोन मिनिटांचं काम. तो बाजूच्या छोट्या दाराने आत चढला, जॅकेट सीटवर राहिलं, मोबाइल चार्जिंगला लागलेला राहिला. फुटकी पिशवी उचलताना उरलेलं दूध छातीपासून पोटापर्यंत अंगावर सांडलं. "हात तुझ्या!" असं म्हणेपर्यंत बोळात वारा आला आणि ते जड दार आपटून बसलं.

या दाराला आतून एक लाल मूठ असते. ती दाबली की आत अडकलेला माणूस बाहेर येतो, एवढंच तिचं काम. पण चौदा वर्षांत आत माणूस एकदाही अडकला नव्हता आणि क्रेट मात्र रोज त्या मुठीला टेकायचे. सहा महिन्यांपूर्वी एका वळणावर क्रेटच्या दाबाने दार उघडलं आणि दह्याचे चाळीस डबे भर रस्त्यात सांडले. त्याच संध्याकाळी थंडोबाने गॅरेजात जाऊन मूठ काढून टाकली. नुसती काढली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण भोकातून थंडी गळू नये म्हणून त्याने त्यात फोम भरून घेतला आणि वर पत्र्याची पट्टी ठोकून घेतली. काम चोख करायची हौस! अर्ध्या डेपोने त्याचं पाहून तेच केलं. ती लाल मूठ आता केबिनमधल्या खणात होती, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली, बोल्टसकट. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले असतील, पण धोंडा इतका नीटनेटका जपून ठेवणारा हा एकच.

त्याने पट्टी नखांनी ओढली, पेनाने उचकटली. पेन मोडलं. मग लाथा घातल्या, मागच्या मोठ्या दारावरही घातल्या, पण त्याला बाहेरून अडसर होता. "अहो, कुणी आहे का? दार उघडा!" तो ओरडला. पेटीच्या भिंती चार-चार इंच जाड. थंडी बाहेर जाऊ द्यायची नाही म्हणून बांधलेल्या भिंती माणसाचा आवाज कशाला बाहेर जाऊ देतील?

हसू केव्हाच गेलं होतं. ओला शर्ट अंगाला चिकटला होता. पेटीत तीन अंश होते.

पावणेदोन वाजता केबिनमध्ये फोन वाजला. मधल्या भिंतीतून अगदी बारीक ऐकू आला तरी त्याने सूर ओळखला. बायको. ती रोज याच वेळी "जेवलात का?" एवढंच विचारायला फोन करायची. फोन सहा वेळा वाजून थांबला. पुन्हा वाजला नाही. वाजणार कसा? ही गाडी हातात आली त्या पहिल्याच महिन्यात त्याने तिला बजावलं होतं, "फोन उचलला नाही की समजायचं, गाडी चालवतोय. पुन्हा पुन्हा करायचा नाही." शहाणी बाई, चौदा वर्षं पाळत आली होती. थंडोबाने भिंतीला तोंड लावून तिला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हिने एकदा तरी माझं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याने हिशेब मांडला. पुढचं दुकान वाट पाहील, कंटाळेल, डेपोला कळवेल. डेपो नकाशावर बघेल, गाडी उभी दिसेल. म्हणतील, थंडोबा जेवत असेल, झोपला असेल. खरी शोधाशोध संध्याकाळी, गाडी परत आली नाही म्हणजे. पाच तास. बावन्न वर्षांचं शरीर, ओला शर्ट, तीन अंश. बोटं आत्ताच वाकेनाशी झाली होती.

माझ्यासाठी कुणी येणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली. मालासाठी येतील.

छताशी, थंड हवा फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडाजवळ, काळ्या वायरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा सेन्सर लटकत असतो. पेटीत किती थंडी आहे ते तो दर मिनिटाला डेपोच्या कंट्रोल रूमला कळवतो. आकडा आठच्या वर गेला की तिथे घंटी वाजते आणि तिथली मुलगी फोन करते, "काका, दार लावा हो!" आठ वर्षं तो तिचा आवाज ऐकत होता, चेहरा कधी पाहिला नव्हता. तशा घंट्या दिवसातून पन्नास वाजतात, त्यांना कुणी भीक घालत नाही. वायर तोडली तर पडद्यावर नुसती रेघ येते आणि उद्याच्या दुरुस्तीच्या यादीत गाडीचा नंबर चढतो. पण सलग चाळीस मिनिटं आकडा आठच्या वर राहिला की माल मेला, असा नियम होता. मग डेपोतून तपासनीस निघतो, दाराला सील ठोकायला. त्याला कुणी अडवू शकत नाही, साहेबही नाहीत.

चाळीस मिनिटं सेन्सर गरम ठेवायचा. काखेत धरला की झालं.

यात एकच गोम होती आणि ती थंडोबाला डेपोतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होती. यंत्रही त्याच सेन्सरचं ऐकतं. सेन्सर म्हणाला गरम होतंय, की यंत्र जीव तोडून थंडी ओकणार आणि थांबायचं नाव घेणार नाही. जितकी हाक मोठी तितकी थंडी मोठी. शिवाय वायर आखूड. कोपऱ्यात क्रेटच्या आड बसायची सोय नाही, बसायचं ते थेट पंख्याखाली.

त्याने ओला शर्ट काढून फेकला. पुठ्ठ्याचे खोके फाडून पाठीला, छातीला लावले आणि प्लास्टिकच्या दोरीने आवळले. दोन क्रेट एकावर एक ठेवून तो पंख्याखाली बसला, वायर ओढली आणि सेन्सर डाव्या काखेत घालून हात घट्ट मिटला. घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

मिनिटभरात यंत्राने आवाज बदलला. आधी ते थांबत थांबत चालायचं, आता एकसारखं गुरगुरू लागलं. वरून हवेचा असा झोत आला की पुठ्ठे फडफडले. थंडोबाच्या तोंडून शिवी निघाली. चौदा वर्षांत ज्या यंत्राला त्याने स्वतःच्या पोरासारखं जपलं, तेलपाणी केलं, त्याला त्याने अशी शिवी घातली की डेपोत कुणाचा विश्वास बसला नसता.

फोन वाजला. हा सूर कंट्रोलचा. वाजला, थांबला, परत वाजला. "वाज बाई, वाज," तो म्हणाला. "आणि वाजून दमलीस की जा, साहेबाला सांग."

दोन वीस. दात इतके वाजत होते की जीभ चावली गेली. कानांची आग झाली आणि मग आगही थांबली. हात जरा सैल पडला की तो घाबरून पुन्हा आवळायचा. मध्येच सेन्सर सुटला तर चाळीस मिनिटं पहिल्यापासून मोजली जाणार होती. सोडून द्यावं असं त्याला किती वेळा वाटलं! सोडलं की पंखा मंद होईल, कोपऱ्यात जाता येईल, क्रेटच्या आड अंगाचं मुटकुळं करून पडता येईल. त्याला रडू आलं, भीतीने आलं, आणि ते लपवायला तिथे कुणी नव्हतं म्हणून तो मोठ्याने रडला.

दोन चव्वेचाळीस. झाली चाळीस मिनिटं. पण डेपोपासून इथपर्यंत अर्धा तास, आणि तपासनीस पोचेपर्यंत आकडा वरच राहायला हवा. खाली आला तर तो अर्ध्या वाटेतून मागे फिरेल. थंडोबा बसून राहिला. आता थरथर कमी झाली होती आणि त्याला बरं वाटायला लागलं होतं. हे बरं वाटणं चांगलं नाही, असं कुणीतरी कधीतरी त्याला सांगितलं होतं. कुणी, ते आठवेना. बायको समोरच्या क्रेटवर बसून जेवलात का विचारत होती. तो म्हणाला, "गाडी चालवतोय."

दार उघडलं तेव्हा तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

तपासनीसाला सगळे ड्रायव्हर थर्मामीटर म्हणत, कारण तो माणसाशी बोलायच्या आधी तापमान घेत असे. आजही त्याने दारातूनच तापमान मोजायची पिस्तुलासारखी नळी आत रोखली, दुधाच्या क्रेटवर धरली आणि आकडा पाहिला.

"उणे चार?" तो स्वतःशीच म्हणाला. "दूध गोठलंय की सगळं. मग तो आकडा कसला..."

मग त्याला पंख्याखाली पुठ्ठ्यांचा ढीग दिसला, आणि ढिगाला डोळे दिसले. हातातली नळी टाकून तो आत धावला.

त्याने थंडोबाला पंख्याखालून दाराकडे ओढलं, वायर ताणून अडली तिथवर. स्वतःचा कोट त्याच्यावर टाकला, केबिनमधून जॅकेट आणलं, पाय चोळायला लागला. "दादा, झोपू नका. माझ्याकडे बघा. अँब्युलन्स बोलावतो, झोपू नका." जॅकेटबरोबर आणलेला थंडोबाचा फोन तेवढ्यात पुन्हा वाजला. तपासनीसाने तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला आणि स्वतःच्या फोनवर अँब्युलन्सचा नंबर फिरवू लागला.

"काका! अहो होतात कुठं?" कंट्रोलची मुलगी एका दमात बोलत सुटली. "सतरा फोन केले मी तुम्हाला! माझा तर जीवच गेला होता. पण आता घाबरू नका हं. सुरुवातीला छत्तीस होतं, मग पस्तीस झालं, चौतीस झालं. साहेबांना म्हटलं, थांबा जरा, सुधारतंय. आत्ता तर एकतीसवर आलंय. हळूहळू उतरतंय बघा!"

तपासनीसाने थंडोबाचा डावा हात धरला. तो उघडेना. पुठ्ठ्यात रुतलेलं एकेक बोट सोडवत, दंड हळूच वर उचलत त्याने काखेतून सेन्सर काढला आणि पेटीत मागे टाकून दिला.

फोनवर ती बोलतच होती. तपासनीस अँब्युलन्सला बोळाचा पत्ता सांगत होता. मग ती एकदम ओरडली, आनंदाने.

"काका, आला! अहो, सरळ तीनवर आला आकडा! सुटले बाई एकदाची. काय केलंत हो तुम्ही?"

तपासनीस फोन बंद करायला वाकला. थंडोबाने मान हलवून त्याला थांबवलं आणि तोंड फोनजवळ नेलं. शब्द एकेक करून बाहेर आले.

"पोरी," तो म्हणाला, "ते दूध नव्हतं. तो मी होतो."