कुत्र्याने काय ऐकलं

माझ्या थोरल्या जाऊबाई जसोदाबाई चौथीसुद्धा पुरी शिकल्या नव्हत्या, पण त्यांनी एक खेळ रचला होता आणि त्याच्या नियमांपुढे भल्याभल्या वकिलांनी गप्प बसावं. हे मी कौतुकाने सांगते आहे. एरवी त्यांचं माझं फारसं जमायचं नाही.

कोरीटला, आमच्या गावी, मिरची घरात आली की आम्ही बायका दुपारभर देठं खुडत बसायचो. मध्ये एक पाट, त्यावर खडूने काढलेली तापी, सातपुडा आणि वाटा. प्रत्येकीचा चिंचोका म्हणजे ती स्वतः, आणि बांगडीचा तुकडा म्हणजे तिच्या सोबतीचं जनावर. जसोदाबाई गोष्ट सांगत जायच्या. नदीला पूर आहे, नाव नाही, आता काय करशील? आपण सांगायचं, सात कवड्या टाकायच्या, आणि जमलं की नाही ते कवड्यांनी ठरवायचं.

माणसांचे नियम सोपे होते. जनावरांचे मात्र त्यांनी जीव ओतून केले होते. जनावराला नाव हवं, गाव हवं. त्याला भूक लागते, भीती वाटते, म्हणून त्याच्या कवड्या वेगळ्या टाकायच्या. घोडी वाघापुढे उभी राहील की पळेल, हे आपण कोण ठरवणार? आणि सगळ्यात कडक नियम असा, की कवड्या हातात असताना तोंडातून गेलेला शब्द जनावराने ऐकला. तो परत घेता येत नाही. एकदा बकरी अंगणात शिरली म्हणून जसोदाबाई तिला "जाय" म्हणाल्या. कवड्या त्यांच्याच मुठीत. तीन आठवडे सांभाळलेली सारंगखेड्याची घोडी त्यांनी मुकाट्याने पाटावरून उचलली आणि तो तुकडा उकिरड्यावर टाकून आल्या. आम्ही परोपरीने समजावलं. ऐकतील तर शपथ.

धाकटी जाऊ मीना त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, व्याऱ्याहून लग्न होऊन आली. आदल्याच वर्षी राज्यं वेगळी झाली होती आणि व्यारा गुजरातेत गेलं होतं. आमचे पूर्वजही तिकडचेच, पण घरातली बोली कधीचीच अहिराणी झालेली. आल्या आल्या ती दोन वाक्यं बोलली, सगळं घर खो खो हसलं (मीही हसले, खोटं कशाला सांगू), आणि पोरीने तोंडच मिटून घेतलं. तीन महिने नुसती मान हलवायची. शेवटी सासूबाईंनी तिच्या वडिलांना निरोप धाडला, की गुरुवारी या आणि घेऊन जा. बोलायला लागली की आणून सोडा. अशी गेलेली सून परत येत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. तिलाही होतं.

खेळायला मात्र ती रोज बसायची. नाव-गाव सांगणं भागच होतं, म्हणून पहिल्या दिवशी एवढंच बोलली होती: काळियो, व्यारा. कुत्रा होता तो. पुढचं सगळं बोटाने दाखवायची.

मंगळवारी आमची टोळी राक्षसाच्या गुहेत अडकली. राक्षसाने काळियोला मुठीत उचललं आणि जसोदाबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "हाई कुत्रं कोनं शे?" जी हक्क सांगेल तिलाच तो कुत्रा परत देणार होता. मीनाने स्वतःकडे बोट केलं. राक्षस आंधळा आहे, जसोदाबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण कालपर्यंत त्याला चांगले दोन डोळे होते.

मीनाच्या हातात कवड्या होत्या.

"मारो," ती म्हणाली. "मारो कूतरो."

शेजारची भिकुबाई हसत सुटली. मारा म्हणाली ना, मग शब्द गेला, कुत्रं मेलं, उचला तुकडा. सुरतेचा कापडवाला दारात आला की हीच भिकुबाई त्याच्याशी फाडफाड गुजराती बोलायची, तेव्हा तिला कळलं नसेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण बाकीच्याही हसल्या, सासूबाईंसकट. मीनाची मान खाली गेली. आता ही जन्मात बोलायची नाही, असं मला वाटलं, आणि जसोदाबाईंचा असा संताप आला! एक नियम मोडला तर काय आभाळ कोसळणार होतं?

त्यांनी तो मोडला नाही. हातातली मिरची खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शब्द गया, कबूल. पन तो आयका कोनी? कुत्रानी. अन कुत्रं व्यारानं शे. त्याले तिनीच बोली समजस. त्याले मारो म्हणजे मन्हा."

मन्हा, म्हणजे माझा; पोरगी एवढंच म्हणाली होती. मी तर त्या क्षणी त्यांच्या पायाच पडले असते. राक्षसाने काळियोला सोडलं. वर त्यांनी जाहीर केलं, की गुहेतून बाहेरची वाट फक्त काळियोला हुंगता येते आणि तो व्याऱ्याच्या बोलीतच ऐकतो. झालं! बुधवारी आम्ही सगळ्या मीनाला विचारून विचारून "आव, बेस, अहीं जो" (ये, बस, इकडे बघ) करत होतो. सासूबाईंच्या सोबतीचा पोपट गुहेत अडकलेला, त्यांनाही विचारावं लागलं. त्यांचा उच्चार मीनाने तीनदा दुरुस्त केला, आणि तिसऱ्यांदा दोघींनाही हसू फुटलं.

गुरुवारी दुपारी वडील दारात उभे राहिले. चल, सामान बांध, म्हणाले. सासूबाई खाली बघून देठं खुडत राहिल्या. मीना जागची हलली नाही.

"बापू," ती म्हणाली, "मन्हा डाव बाकी शे."

वडील त्या एका शब्दावर अडले. मन्हा एटले शुं, त्यांनी विचारलं.

"मारो," सासूबाईंनी सांगितलं, आणि व्याह्यांना बसायला पाट द्यायला उठल्या.