काळ्या कागदाच्या काचा

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलत नसे. हे पावाच्या भट्टीवर कायम रात्रपाळीला. उजाडता उजाडता घरी यायचे, पायपुसण्यावर बूट झटकायचे, घटाघटा पाणी प्यायचे आणि आडवे व्हायचे. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मी आतल्या खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवला होता. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या होत्या. लेक कुजबुजतच बोलायला शिकली. शाळेतल्या बाईंना वाटलं, पोरीचा घसा बसलाय.

हळूहळू मीही त्यांच्याबरोबर दिवसा झोपू लागले, दिवेलागणीला उठू लागले.

मग एकदा हे भट्टीपुढेच कोसळले. दिवसकार्य आवरलं, माणसं पांगली, पण काचांचा कागद कुणी काढला नाही. सुचलं सगळ्यांना, हात कुणाचा धजला नाही. मी आपली संध्याकाळी उठायची, यांचा डबा घासून ठेवायची आणि बसून राहायची. उजाडलं की आडवी व्हायची, पण डोळ्याला डोळा लागत नसे. पुढे जेवण सुटलं, वेणीफणी सुटली.

एव्हाना कळत्या झालेल्या लेकीने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मन खचल्यावरची गोळी दिली. म्हणाल्या, ‘‘शरीराचं घड्याळ उलटं झालंय. रोज सकाळी उजेडात बसा. आणखी काही औषध चालू आहे?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

चालू होतं. माझ्या नणंदेचं, वन्संचं, बाजारात झाडपाल्याच्या औषधांचं दुकान आहे. उदास मनासाठी पिवळ्या फुलांचा काढा त्यांनी मला आधीच सुरू केला होता. वन्संचा काढा डॉक्टरीणबाईंना सांगायची लाज, आणि गोळीचं वन्संना सांगितलं तर त्या रुसणार. म्हणून दोन्हीकडे गप्प राहिले.

त्यानंतर हे यायला लागले.

पहिल्यांदा भर दुपारी. खोलीत नेहमीसारखा अंधार. दारात किल्ली फिरली. पायपुसण्यावर बूट झटकल्याचा आवाज आला. पिठाचा वास आला आणि खाटेची पलीकडची बाजू खाली गेली. मी वळून पाहिलं नाही. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, एवढं मला कळत होतं.

मग ते रोज येऊ लागले. माझे हात थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा, पाय आपोआप उडायचे. मी म्हटलं, सुटू दे घाम. माणूस घरी येतोय ना! गोळी चुकवली नाही आणि काढाही चुकवला नाही. कशाने येतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही धरून ठेवलं.

एका सकाळी लेकीने माझ्या कपाळाला हात लावला आणि घाबरून आत्याला बोलावलं. वन्सं आल्या, माझे उडते पाय पाहिले, उशाशी गोळ्या पाहिल्या आणि मट्‌कन खाली बसल्या.

‘‘अगं, हे कधीपासून? दुकानात येईल त्याला विचारते, डॉक्टरचं काही चालू आहे का म्हणून. घरच्या माणसाला तेवढं विचारलं नाही मी!’’

‘‘तुम्ही रुसला असतात.’’

‘‘रुसले असते! चार दिवस तोंड फुगवलं असतं. त्याने कुणी मरत नाही. याने मरतं!’’

त्यांनीच मला दवाखान्यात नेलं आणि फुलांची पुडी डॉक्टरीणबाईंसमोर उघडून ठेवली. बाई म्हणाल्या, ‘‘ही फुलं आणि ही गोळी एकत्र घ्यायची नाहीत. जिवावर बेततं.’’ त्यांनी मला दाखल करून घेतलं आणि दोन्ही बंद केलं. काही दिवसांनी, अंगातलं सगळं उतरल्यावर, गोळी तेवढी पुन्हा द्यायची ठरली.

मी विचारलं, ‘‘मग जे ऐकू यायचं, ते?’’

‘‘तेही यानेच होत असेल. थांबेल.’’

बाहेर व्हरांड्यात वन्सं माझा हात धरून हळूच म्हणाल्या, ‘‘काही बोलला का गं तो?’’

‘‘नाही. दमलेले असायचे.’’

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचा तो धाकटा भाऊ.

घरी आले तर काढ्याची बाटली फळीवर तशीच होती, अर्धी भरलेली. लेक स्वयंपाकघरात गेली तशी मी ती उचलली, झाकण काढलं. मागून वन्सं म्हणाल्या, ‘‘तो यावा असं मलाही वाटतं. पण तू गेलीस तर या पोरीने कुणाची वाट बघायची?’’

त्यांनी बाटली हिसकावून घेतली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मीच ती मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं पाण्याची बादली आणि सुरी घेऊन आल्या. कागद भिजवून खरवडू लागल्या. उन्हाचा पहिला पट्टा खाटेवर पडला, थेट यांच्या उशीवर. लेकीने सवयीने कुजबुज केली, ‘‘हळू गं आत्या, बाबा...’’ आणि ओठ दाबून धरले.

मी खाटेजवळ गेले. इतक्या वर्षांत त्या खोलीत दिवसा कधी काढला नव्हता, तेवढा आवाज काढला.

‘‘उठा आता. उजाडलंय.’’

खाट करकरली. कुणीतरी उठल्यावर करकरते तशी.

लेक बादली धरून तशीच उभी. मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्या हातातली सुरी थांबली होती आणि त्या दाराकडे बघत होत्या. त्यांनी तर कधी काही घेतलं नव्हतं, ना गोळी, ना काढा.

‘‘जाऊ दे त्याला,’’ त्या म्हणाल्या आणि राहिलेल्या काचेला त्यांनी पाणी लावलं.